विजेरीतील लिथियम सेल : निवड, निगा आणि सुरक्षितता

(पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



परभणी जिल्ह्यात रब्बीचा हंगाम सुरू झाला की, शेतकऱ्याच्या कितीतरी रात्री शेतातच जातात. गव्हाला, हरभऱ्याला, उसाला पाणी द्यावयाचे असते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी असो, पूर्णा किंवा निम्न दुधना प्रकल्पाची असो, की स्वतःच्या विहिरीवरील मोटार असो. पाणी आणि वीज ज्या वेळी मिळेल त्या वेळी दारे धरावे लागते. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. तरीसुद्धा रात्रीची फेरी शेतीतून सर्वस्वी गेलेली नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागल करावी लागते. पावसाळ्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या गोदाकाठच्या तालुक्यांत पुराच्या रात्री नदीवर नजर ठेवावी लागते. या सर्व प्रसंगी माणसाच्या हाती एकच साधन असते. पुस्तकी मराठीत तिला विजेरी म्हणतात. या भागातील लोक तिला सरळ ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटात जे असते त्याला ‘सेल’.

ही विजेरी चैनीची वस्तू नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांशी शेतकऱ्याची गाठ बांधावर आणि पिकातच पडते. मण्यार तर मुख्यतः रात्रीच बाहेर पडते. भारतातील २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला आणि केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये त्याच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पायात बूट, हातात काठी आणि पुढे प्रकाश ही या प्रतिबंधाची पहिली पायरी आहे. ऐन वेळी विझणारी विजेरी म्हणूनच जिवावर बेतू शकते.

गेल्या काही वर्षांत या विजेरीचे अंतरंग पार बदलले. पूर्वी तिच्यात दोन किंवा तीन जाड कोरडे सेल घातले जात आणि ते संपले की फेकून दिले जात. आता एलईडी दिवा आला आणि त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल आला. प्रकाश वाढला, वजन घटले, खर्चही कमी झाला. परंतु लहानशा नळीत एवढी ऊर्जा साठवली गेली की तिच्याबरोबर धोकाही साठतो. सेलची निवड चुकली तर बांधावरचा धोका टळतो, पण दुसरा धोका घरात येऊन बसतो. हे टाळणे कठीण नाही. त्यासाठी विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : सेलचा प्रकार आणि त्याचा चार्जर यांचा मेळ, छापलेल्या आकड्यांचा खरेपणा, आणि मानकाची खूण व पावती.

लिथियम सेलची घडण

लिथियम-आयन सेलचा पाया तीन शास्त्रज्ञांच्या कार्यावर उभा आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्यातील एकेक टप्पा गाठला. जपानमधील सोनी कंपनीने १९९१ मध्ये हा सेल बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सेलमध्ये धातूच्या ऑक्साइडचा थर असलेली एक पट्टी आणि ग्राफाइटचा थर असलेली दुसरी पट्टी एकत्र गुंडाळलेली असते. दोहोंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि सर्वत्र एक ज्वालाग्राही सेंद्रिय द्रव भरलेला असतो. चार्ज करताना लिथियमचे कण एका पट्टीकडून दुसरीकडे जातात. प्रकाश देताना ते परत येतात. पडदा शाबूत आहे तोवर सारे काही सुरळीत चालते. सेल चेपला, प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा फार तापला, तर पडदा निकामी होतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात, उष्णता आणखी वाढते आणि तापलेल्या ऑक्साइडमधून प्राणवायू सुटू लागतो. आगीला लागणारे इंधन आणि प्राणवायू दोन्ही सेलच्या पोटातच असल्यामुळे ही आग भराभर वाढते.

हा धोका केवळ नावगाव नसलेल्या मालापुरताच आहे असेही नाही. २०१६ मध्ये सॅमसंग कंपनीने गॅलक्सी नोट ७ हा भ्रमणध्वनी बॅटरीतील दोषांमुळे जगभरातून परत मागविला. मोठ्या कंपनीकडूनही चूक होते. परंतु तिचा माल शोधता येतो, परत मागविता येतो. ज्या सेलवर निर्मात्याचे नावच नाही, तो कोणाकडे परत करावयाचा?

नावे वाचण्याची रीत

सेलवर १८६५० किंवा २१७०० असा आकडा असतो. हा त्याचा आकार होय. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी. आकार जुळला म्हणून सेल जुळला, असे मात्र समजू नये. नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. १४५०० या नावाचा लिथियम सेल भिंतीवरील घड्याळात घालतात त्या पेन्सिल सेलच्याच आकाराचा असतो. पण पेन्सिल सेलचा दाब १.५ व्होल्ट आणि याचा ३.७ व्होल्ट. तो घड्याळात किंवा साध्या विजेरीत घातल्यास उपकरण जळण्याची शक्यता असते.

दुसरा प्रकार लिथियम-लोह-फॉस्फेट सेलचा. १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील गुडइनफ यांच्या गटाने हा पदार्थ जगापुढे मांडला. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पाढी आणि नंजुंडस्वामी हे दोन भारतीय संशोधक होते. या सेलचा दाब ३.२ व्होल्ट असतो. समान आकारात त्यात नेहमीच्या लिथियम-आयन सेलच्या जवळपास निम्मीच ऊर्जा मावते, परंतु तो उष्णता अधिक सहन करतो, सहजी पेटत नाही आणि त्याचे आयुष्यही कितीतरी अधिक असते. अनेक सौर पथदिव्यांत याच जातीच्या बॅटऱ्या असतात.

यावरून एक नियम निघतो. शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत कार्यालय येथे जो दिवा एका जागी राहतो आणि ज्याचे वजन अडचणीचे नसते, त्यासाठी लोह-फॉस्फेट सेल उत्तम. जो दिवा हातात धरून बांधावरून चालावयाचे आहे, त्यासाठी नामांकित निर्मात्याचा लिथियम-आयन सेल योग्य. आणि ज्यांना दिवसाकाठी अर्ध्या तासाचाच प्रकाश लागतो, त्यांना लिथियमची गरजच नाही. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेल त्यांना पुरतात, ते १.२ व्होल्टचे असतात, साध्या विजेरीत बसतात आणि पेट घेण्याची भीती फारच थोडी.

फुगवलेले आकडे

आठवडी बाजारात आणि रस्त्यावरील गाड्यावर मिळणाऱ्या सेलवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. क्षमता मिलिअँपिअर-तासांत मोजतात. आज १८६५० आकाराच्या उत्तम सेलची क्षमता ३,६०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास पोचते; त्या आकारात त्याहून फारसे अधिक मावत नाही. तेव्हा त्याच आकाराच्या सेलवर ९,९०० हा आकडा दिसला, तर तो सेल नाकारण्यास दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. ज्याने क्षमतेविषयी खोटे छापले, त्याने सुरक्षिततेविषयी खरे केले असेल असे मानण्यास आधार नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या थकलेल्या सेलवर नवे वेष्टन चढवून ते विकण्याचा प्रकारही बाजारात चालतो.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील तराजूवर १८६५० सेल ठेवावा. चांगल्या सेलचे वजन सामान्यतः ४५ ते ५० ग्रॅम भरते. ते ३० ग्रॅमच भरले तर सेल संशयास्पद समजावा. वजन बरोबर भरले म्हणजे सेल अस्सल ठरला असे मात्र नव्हे, कारण पोकळी भरून वजन वाढविता येते. दुसरी चाचणी मल्टिमीटरची. सेल पूर्ण चार्ज करून एक आठवडा तसाच ठेवावा आणि दाब मोजावा. ४.२ व्होल्टवरून तो ४.० व्होल्टच्याही खाली उतरला, तर सेल आतल्या आत गळत आहे असे समजून तो बाजूला काढावा. नवा म्हणून घेतलेला सेल मुळातच २.५ व्होल्टच्या खाली असेल, तर तो चार्ज करू नये, परत करावा. तिसरी चाचणी सर्वांत सोपी : पूर्ण चार्ज केलेली विजेरी किती वेळ उजेड देते ते घड्याळ लावून पाहावे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करता येईल, आणि त्याचा उपयोग त्यांच्या घरी त्याच आठवड्यात होईल.

स्वस्त म्हणजे काय?

क्षमतेचा खरा अर्थ कळण्यासाठी एक लहानसा गुणाकार पुरतो. २,६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलचा दाब ३.६ व्होल्ट धरला, तर त्यात सुमारे ९.४ वॅट-तास ऊर्जा मावते. पायापुढे पाहत बांधावरून चालण्यास एक वॅटचा एलईडी दिवा पुरेसा होतो. विजेरीतील गळती वजा जाता असा सेल सुमारे आठ तास उजेड देतो. म्हणजे एक प्रामाणिक सेल पाण्याची एक अख्खी रात्र पार पाडतो. खोक्यावर छापलेल्या प्रखर झोताची गरज बांधावर क्वचितच असते. झोत जितका प्रखर, तितका सेल लवकर रिकामा होतो आणि तितकाच अधिक तापतो.

आता वर्षाचा हिशेब पाहू. एखाद्या शेतकऱ्यास वर्षातून साठ रात्री, प्रत्येक रात्री चार तास दिवा लागतो असे समजा. एक वॅटच्या दिव्याला वर्षभरात २४० वॅट-तास लागतील. गळती धरूनही हे अर्ध्या युनिटाच्या आत बसते आणि सेल वर्षातून तीसएक वेळाच चार्ज करावा लागतो. चांगला सेल काहीशे वेळा चार्ज होऊ शकतो. त्यामुळे या वापरात तो झिजून संपण्यापूर्वी वयानेच थकतो. उदाहरणादाखल, तीनशे रुपयांचा सेल चार वर्षे टिकला तर वर्षाला पंचाहत्तर रुपये पडले. ऐंशी रुपयांचा सेल सहा महिन्यांत बसला तर वर्षाला एकशे साठ रुपये पडले, शिवाय तो नेमका कोणत्या रात्री विझेल याची शाश्वती नाही. किमती ठिकठिकाणी आणि वेळोवेळी बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. सेलची किंमत त्याने दिलेल्या वर्षांनी भागावी आणि मगच स्वस्त-महाग ठरवावे.

मानकाची खूण

भारतीय मानक ब्यूरोने चार्ज होणाऱ्या सुट्या सेलसाठी व लहान बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक ठरविले आहे. त्याचा दुसरा भाग लिथियम सेलसंबंधी आहे. केंद्र शासनाच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत या सेलचा समावेश आहे. म्हणून सेलवर किंवा वेष्टनावर मानक चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असावयास हवा. या मानकाच्या चाचण्यांत सेल एक मीटर उंचीवरून पाडला जातो, चेपला जातो, त्याची टोके जोडून शॉर्ट केली जातात आणि तो १३० अंश सेल्सियसपर्यंत तापविला जातो. एवढे करूनही तो पेटता कामा नये किंवा फुटता कामा नये.

चिन्ह छापणे सोपे असल्यामुळे नुसत्या चिन्हावर विसंबू नये. भ्रमणध्वनीवरील ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये नोंदणी क्रमांक घातला की निर्मात्याचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. तो हातातील सेलशी जुळतो का ते पाहावे. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ही नोंदणी सुरक्षिततेच्या चाचण्यांविषयी आहे. वेष्टनावरील मिलिअँपिअर-तासांचा आकडा खरा असल्याची ती हमी नव्हे. तो आकडा आपला आपण पारखावा लागतो.

पावती न घेता केलेली खरेदी पुढे दाद मागताना निरुपयोगी ठरते. पावतीवर निर्मात्याचे नाव, सेलचा आकार आणि क्षमता लिहून घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

चार्जिंग : कापसापासून दूर

लिथियम सेलची बरीच संकटे चार्जिंगच्या वेळी येतात. नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा चार्जर ४.२ व्होल्टला थांबतो. लोह-फॉस्फेट सेलला सुमारे ३.६ व्होल्टच हवे असतात. एकाचा चार्जर दुसऱ्याला लावू नये. निकेल सेलचा किंवा जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर तर लिथियम सेलला कदापि लावू नये. ज्या विजेरीच्या अंगालाच दोन पिना असतात आणि ती सरळ भिंतीतील सॉकेटमध्ये खोचतात, तिच्यापैकी अनेक स्वस्त नमुन्यांत घरगुती विजेचा दाब आतील भागापासून नीट अलग केलेला नसतो. अशी विजेरी सॉकेटमध्ये असताना पेटवू नये, उघडू नये आणि ओल्या हाताने तर स्पर्शही करू नये.

चार्जिंगची जागाही महत्त्वाची. परभणी हा कापसाचा जिल्हा. भाव चढण्याची वाट पाहत वेचलेला कापूस कित्येक घरांत राहत्या खोलीतच ढिगाने साठविलेला असतो. त्या ढिगाशेजारी, गादीवर किंवा पत्र्याच्या गोठ्यात कडब्याजवळ चार्जिंगला लावलेला सेल एखाद्या ठिणगीनिशी वर्षाची कमाई नेऊ शकतो. सेल फरशीवर, मोकळ्या जागेत, घरातील माणसे जागी असताना चार्ज करावा. वीज गेली असता चार्जर तसाच लावून शेतावर निघून जाण्याची सवय सोडावी. वीज परत येते तेव्हा दाब वरखाली होतो आणि घरी पाहणारे कोणी नसते.

उन्हाळ्यात जिल्ह्याचे तापमान ४३-४४ अंशांवर जाते. लिथियम सेल साधारणतः ० ते ४५ अंशांदरम्यानच चार्ज करावा, असे निर्माते सांगतात. तेव्हा भर दुपारी पत्र्याखाली चार्जिंग नको. पहाटे किंवा रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वी करावे. विजेरी उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये. हंगाम संपल्यावर सेल बरेच दिवस पडून राहणार असेल, तर तो निम्मा चार्ज करून, विजेरीतून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावा.

सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा सुट्या नाण्यांबरोबर ठेवू नये. १८६५० सेलचे सारे धातूचे अंग ऋण टोकाला जोडलेले असते आणि धन टोक त्याच्या वरच्या कडेपासून अगदी थोड्या अंतरावर असते. वेष्टन फाटले आणि तेथे धातू टेकला की शॉर्ट होतो. काही सेलना प्रमाणाबाहेर चार्ज, प्रमाणाबाहेर रिता होणे व शॉर्ट यांपासून वाचविणारी लहानशी चकती आतच बसविलेली असते. तिच्यामुळे सेलची लांबी काही मिलिमीटरने वाढते, म्हणून विजेरीत तो बसतो का ते घेतानाच पाहावे. सामान्य वापरासाठी असाच संरक्षित सेल घ्यावा. ज्या विजेरीत दोन सेल एकापुढे एक बसतात, तीत जुना-नवा किंवा दोन वेगळ्या निर्मात्यांचे सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल आधी रिता होतो, दुसरा त्याच्यातून उलट प्रवाह ढकलतो आणि बंद नळीत दाब वाढून ती फुटू शकते. शेतकऱ्यास एका सेलवर चालणारी विजेरीच अधिक सोयीची.

दुर्बीण आणि बटन सेल

शाळांच्या आणि हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींवर तारा नेमका टिपण्यासाठी लाल ठिपक्याचा शोधक बसविलेला असतो. त्यात बहुधा सीआर २०३२ हा बटन सेल असतो : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, दाब ३ व्होल्ट. वजनकाटे, रिमोट आणि लहान खेळणी यांतही तो आढळतो. काही विजेऱ्यांत आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणींत सीआर १२३ए हा ३ व्होल्टचा सेल लागतो. हे दोन्ही सेल एकदाच वापरावयाचे आहेत. ते चार्ज करू नयेत. निरीक्षण संपल्यावर शोधकाचा खटका आठवणीने बंद केला, तर एक बटन सेल दीर्घकाळ पुरतो.

बटन सेलचा मोठा धोका लहान मुलांना आहे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेतून प्रवाह वाहू लागतो आणि त्याच्या ऋण बाजूस तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांच्या आत तेथे गंभीर जखम होऊ शकते. उपकरण चालविण्यास संपलेला सेलही ही इजा करू शकतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. अंगणवाडी आणि शाळा यांतील उपकरणांत सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच असावे.

बिघाडाची लक्षणे आणि आग

सेल फुगला, वेष्टन फाटले, गोडसर रासायनिक वास आला किंवा चार्ज करताना हाताला चटका बसण्याइतका तापला, तर त्याचा वापर तेथेच थांबवावा. त्यास टोचू नये, ठोकू नये, उघडू नये. धूर निघू लागला तर प्रथम माणसांना बाहेर काढावे. त्या धुरात विषारी वायू असतात. तो श्वासात जाऊ देऊ नये. शक्य असल्यास घराचा मुख्य खटका बंद करावा, आणि विजेची जोडणी तुटल्याची खात्री झाल्यावर दुरून भरपूर पाणी ओतावे. लहान सेलच्या आगीवर पाण्याचे मुख्य काम सेल व आसपासच्या वस्तू थंड करण्याचे असते. आग विझल्यासारखी दिसली तरी सेल पुन्हा पेटू शकतो. म्हणून त्याला लगेच हात लावू नये.

जुने सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नयेत. केंद्र शासनाच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर ठेवण्यात आली आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून असे सेल कोरड्या वाळूच्या डब्यात, गंजीपासून आणि घरापासून दूर ठेवावेत व ते विक्रेत्यामार्फत किंवा अधिकृत संकलकामार्फत परत द्यावेत.

ग्रामपंचायतीची खरेदी

पंचायती आणि शाळा यांना येथे उदाहरण घालून देता येईल. आपत्ती व्यवस्थापनासाठी, ग्रामरक्षक दलासाठी किंवा शाळेसाठी विजेऱ्या घेताना दरपत्रकात केवळ ‘उत्तम प्रतीची चार्जेबल विजेरी’ असे लिहिले, तर सर्वांत कमी दराचा आणि सर्वांत हलक्या दर्जाचा माल येण्यास वाट मोकळी होते. त्याऐवजी सेलचा प्रकार व आकार, वॅट-तासांतील क्षमता, ठरावीक उजेडात चालण्याचा किमान कालावधी, आयएस १६०४६ खालील नोंदणी क्रमांक, योग्य चार्जर, निर्मितीचा महिना, हमीचा काळ, बदली सेल मिळण्याची सोय आणि जुने सेल परत घेण्याची अट या बाबी नमूद कराव्यात. माल आल्यावर त्यातील दोन-तीन नग गावच्या शाळेत तपासून मगच देयक मंजूर करावे. सेल बदलता येणारी विजेरी घेतली, तर सेल थकला तरी विजेरी टाकून द्यावी लागत नाही. सार्वजनिक पैशाची खरी बचत यातच आहे.

एवढे झाल्यावर त्या विजेरीची माहिती ग्रामसभेत द्यावी : कोणता सेल घेतला, किती तास चालला, कोणत्या कारणाने दुसरा नाकारला. शहरातील दुकानदार जे सांगत नाही ते पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असेल, तर गावातील प्रत्येक घर खरेदीपूर्वी ते वाचेल. शाळेने तपासलेल्या सेलची यादी दर सहा महिन्यांनी त्या फळ्यावर यावी. म्हणजे पुढच्या रब्बीत दारे धरण्यास निघणाऱ्या माणसाच्या हातातील उजेड रात्रभर टिकेल आणि तो घरी परतेल तेव्हा कापसाच्या ढिगाशेजारी काही धुमसत नसेल.